रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखाली फुकट पडलेले असतात, मग आमसुलं ४०० रुपये किलो कशी?

किमतीतला मोठा वाटा मजुरीचा आहे, फळाचा नाही. मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडाखाली सडा पडलेला तुम्ही पाहिलात हे खरंच. पण खरं काम सुरू होतं ते रातांबे वेचून झाल्यावर.

४० किलो पिकलेले रातांबे धरा. एक फळ साधारण ३० ग्रॅमचं, म्हणजे तेराशेच्या आसपास फळं. प्रत्येक फळ धुवायचं, देठ काढायचा, विळीवर दोन फाका करायच्या आणि गर-बिया बोटाने काढून वेगळ्या टबात टाकायच्या. हात बसलेल्या बाईलाही १० किलोला तास लागतो. आंबटाने नखांच्या कडा चरचरतात ते वेगळंच.

गर-बियांत किलोला साधारण १०० ग्रॅम जाडं मीठ घालून ढवळलं की रस सुटतो. सालं दिवसभर उन्हात सुकवायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, सकाळी निथळून पुन्हा खळ्यात पसरायची. हे झालं एक पूट. चांगल्या आमसुलाला अशी पाच-सहा पुटं लागतात, काही घरांत सातही देतात. भांडं प्लास्टिकचं किंवा चिनी मातीचं घ्यावं; अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ या रसापुढे टिकत नाही.

घात करतं ते आभाळ. बरीच फळं पिकेपर्यंत मे संपत आलेला असतो आणि पाऊस दारात. मळभ राहिलं की सालं नीट सुकत नाहीत, बुरशी धरतात. वळवाची सर आली तर ताडपत्री आवरायला कुणीतरी घरी हवंच. तो वेळ कुणी मोजत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात (१९९७) पावसाआधी तयार होते, पण बहुतेक झाडं अजून बियांपासून आपोआप आलेली. त्यांतली निम्मी नर निघतात, त्यांना फळच नाही.

आता हिशोब. वेचायला ४ तास, फोडायला ४, रोजचं बुडवणं-पसरणं मिळून ६. एकूण १४ तास, म्हणजे पावणेदोन रोज. रोज ४०० रुपये धरला तर ७०० रुपये झाले आणि हाती आली पाचेक किलो आमसुलं. किलोमागे १४० रुपये नुसती मजुरी. मीठ, खराबी, पाकिटं, वाहतूक, व्यापारी आणि दुकानदार त्यानंतर. उंच झाडावर चढून काढायचे तर गडी वेगळा.

'घरच्या बायकांनीच केलंय' म्हणून ही मजुरी शून्य धरायची खोड गिऱ्हाइकापेक्षा विकणाऱ्या घरालाच जास्त आहे. म्हणून तर व्यापारी दारात येऊन पडेल भावात उचलून नेतो.

उरलेलं आगळ, म्हणजे तो खारवलेला रस, आणि बियांचं मुठेल यांचे पैसे वरच्या हिशोबात नाहीत हे कबूल. पण मुठेलासाठी बिया सुकवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढावं लागतं, म्हणजे परत मजुरी आलीच.

४०० रुपये देताना माल मात्र बघून घ्या. आमसूल बोटांत दाबलं की मऊ आणि चिवट लागलं पाहिजे. पातळ आणि कडकडीत असेल तर एक-दोन पुटांत उरकलेलं असण्याची शक्यता जास्त. मूठभर हातात घेऊन झटका. तळहातावर मिठाचे खडे साचले तर तुम्ही आमसुलाच्या भावाने मीठ घेताय.