खाणी आल्या तर मालवणी आणि कातकरी बोली टिकतील का?

मालवणी टिकेल, पण विरळ होत. खरा धोका कातकरीला आहे. खाण बोलीवर थेट घाव घालत नाही, ती बोलीच्या वापराची जागा काढून घेते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, कळणे गावी जुलै 2021 मध्ये लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल गावात, शेता-बागायतीत शिरला. अशी जमीन पडीक राहिली की वायंगण (उन्हाळी भातशेती), कुणगो (भाताचा लहान तुकडा), मेर (बांध), व्हाळ (ओढा) हे शब्द पोरांच्या तोंडी येतील कशाला? देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्याचंही तेच. 'व्हय म्हाराजा' म्हणायला देवळासमोर माणसं तर हवीत.

तरी मालवणीला बोलणारे भरपूर आहेत, मुंबईतही आहेत. (जनगणना तिला कोकणीखाली मोजते, हे ऐकून बऱ्याच मालवणी माणसांचं डोकं फिरतं.) रायगडातल्या कातकऱ्यांकडे असा आधार नाही. ही केंद्राने 'विशेष असुरक्षित' ठरवलेली आदिवासी जमात. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा बुडते, आणि ज्या शाळेत ती परत येतात तिथे प्रमाण मराठीच चालते.

मात्र सगळं खापर खाणींवर फोडू नका. जिथे एकही खाण नाही अशा गावांतही आईबापच पोरांशी मालवणी बोलायचं टाळतात, 'गावठी वाटतं' म्हणून. खाण थांबवायला ग्रामसभेचा ठराव, जनसुनावणी, कोर्ट तरी आहे; याला काय करणार?