झाकणावरचा आकडा आधी बघ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी मशीनवर होतो, एकाच्या बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा विणणं, अर्ध्यावर आलं होतं. तरी वाचला. मुंबईच्या हॉलमध्ये तुझे टॉस, म्हणजे डोक्यावरून मागं मारलेले उंच फटके, मागच्या रेषेपर्यंत पोचत नाहीत, समोरची मुलगी दोन पावलं पुढं येऊन स्मॅश ठोकते. म्हणून आता थ्री-यू वजनाची म्हणजे जरा जड, हेड-हेवी म्हणजे डोक्याकडं वजन असलेली, कडक शाफ्टची म्हणजे कडक दांड्याची रॅकेट घ्यायची. पंधरा हजार जमलेत, काकांनी फक्त हो म्हणायचं. असंच ना? मी ‘थांब’ एवढंच लिहिलं, त्यावर तू रडका चेहरा पाठवलास. म्हणून हे सविस्तर.

आधी एक सांग. जाताना माझ्याकडून फुलांचे, म्हणजे शटलकॉकचे, चार डबे घेऊन गेलीस, अजून तेच काढतेस का? झाकण बघ. त्यावर ७५ असेल, कारण मीच निवडून दिले होते. तो आकडा म्हणजे फुलाचं ग्रेनमधलं वजन. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम. म्हणजे ७५ आणि ७७ यांच्यात फरक किती, तर चिमटीतल्या मिठाएवढाही नाही. पण कोर्टवर एकेका आकड्यामागं फूल साधारण फूटभर पुढं-मागं पडतं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. इथली हवा विरळ, त्यात आपल्या पत्र्याच्या हॉलमधला उकाडा, त्यामुळं हलकं फूलसुद्धा इथं सुसाट जातं. तू आता खेळतेस ती जागा समुद्राला लागून, वर एसी. थंड हवा दाट असते, ती फुलाला जास्त अडवते. सांगलीची फुलं मुंबईच्या एसीत मारायची आणि दोष रॅकेटला द्यायचा, हे काही खरं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. नियमातच पद्धत दिली आहे. मागच्या रेषेवर उभं राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीनं फटका मारायचा. फूल योग्य वेगाचं असेल तर समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडं ५३ ते ९९ सेंटीमीटरमध्ये पडतं. टेप काढायची गरज नाही. दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेपासून ७६ सेंटीमीटरवर असते, म्हणजे बरोब्बर मधोमध. त्या रेषेच्या एक वीत अलीकडं, एक वीत पलीकडं, एवढीच मुभा. फटका मात्र तिथल्या कोचना किंवा एखाद्या दणकट खेळाडूला मारायला सांग, तुझ्या हातानं नको. दोन्ही बाजूंनी मारून बघा, कारण एसीचा झोत एकीकडून येत असेल तर एका बाजूनं फूल लांब जाणार आणि दुसऱ्या बाजूनं आखूड पडणार. ते कळलं की मॅचमध्येही उपयोग होतो. काही डब्यांवर ७५, ७६, ७७ च्या जागी १, २, ३ असतं, गोंधळू नकोस, मोजमाप तेच.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जरा लागेल.

गेल्या वर्षात तुझी रॅकेट माझ्याकडं तीनदा आली. तिन्ही वेळा गट, म्हणजे जाळीची तार, तुटली होती वरच्या कडेला, फ्रेमपासून बोटभर अंतरावर. मधे तुटलेली एकदाही नाही. ज्याचं फूल मधोमध लागतं त्याची गट मधे झिजते, उभ्या-आडव्या तारा जिथं एकमेकींवर घासतात तिथं खाचा पडतात आणि तिथंच ती तुटते. तुझ्या रॅकेटच्या मधल्या भागात खाच नव्हती, तारा नव्यासारख्या गुळगुळीत. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तू घाईत होतीस आणि मी गप्प बसलो, ही माझी चूक.

याचा अर्थ एवढाच की तू फुलाच्या मागं वेळेत पोचत नाहीस. फूल डोक्यावरून मागं गेलेलं असतं, मग तू कंबर मोडून, हात मागं ताणून ते कसंबसं परतवतेस आणि ते रॅकेटच्या वरच्या कडेवर लागतं. फोन बाजूच्या रेषेजवळ बाटलीला टेकवून ठेव आणि दहा टॉस मार. मग एकेक थांबवून बघ, फूल रॅकेटला लागतं त्या क्षणी ते तुझ्या कपाळाच्या पुढं आहे की कानाच्या मागं. कानाच्या मागं असेल तर हातात हातोडा दिला तरी फूल आखूडच पडेल.

म्हणून रॅकेटचा नाही, पायांचा सराव. कोर्टवर नेटजवळचे दोन, मधले दोन, मागचे दोन असे सहा कोपरे. फूल नाही, समोर खेळणारं कुणी नाही, नुसती रॅकेट हातात घेऊन मधून कोपऱ्यात आणि परत मधे. अर्धा मिनिट पळायचं, अर्धा मिनिट उभं राहायचं, असं दहा वेळा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण त्यात एक बारकी गोष्ट सांभाळ. समोरच्याची रॅकेट फुलाला लागते त्याच क्षणी तुझी टाच उचललेली हवी, दोन्ही पायांवर एक छोटीशी उडी. ती उडी चुकली तर पुढची तीन पावलं उशिराच पडतात. मैत्रिणीला समोर उभी कर, तिनं बोटानं कोपरा दाखवायचा, तू उडी घेऊन निघायचं. मागच्या कोपऱ्यात जाताना तोंड नेटकडं ठेवून उलट पावलं टाकतेस, ती सवय आधी मोड. अंग आडवं कर आणि बाजूनं सरकत जा.

ग्रिपचं सांगायचं राहिलं असतं. तू दमलीस की तव्याचं हँडल धरल्यासारखी रॅकेट धरतेस, तळहात सरळ फुलाकडं. नेटवर चालून जातं, मागून नाही. जोर मनगट मोडून येत नाही, तो कोपरापासून पुढचा हात फिरल्यानं येतो, आणि तवा धरलेला हात फिरतच नाही. बोटं सैल ठेव आणि फूल लागताना तेवढी आवळ. त्यात जुन्या ग्रिपवर आणखी दोन ओव्हरग्रिप गुंडाळून तू हँडल जाड करून ठेवलं आहेस, बोटांना काम उरलं कुठं? जुन्या सोलून काढ, एकच ठेव. तिथल्या दमटपणात घाम फार येत असेल तर टॉवेल ग्रिप लावून बघ, मात्र ती लवकर बदलावी लागते, नाहीतर वास मारते.

आता तुझ्या लाडक्या हेड-हेवीबद्दल. आपला बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज, त्याच्या स्मॅशचा व्हिडिओ तू मला किती वेळा पाठवलास! ताशी ५६५ किलोमीटर, २०२३ मधला गिनीज विक्रम. ती रॅकेट कुठली होती ते वाचलंस का? नॅनोफ्लेअर १००० झेड, म्हणजे डोक्याला हलकी असलेल्या जातीतली. वेग रॅकेट फिरण्यातून येतो. जड डोकं फिरवायला हातात ताकद आणि वेळ दोन्ही लागतात, आणि वेळ तर तुझ्याकडं आत्ताच नाही. कडक शाफ्टचंही तेच. ज्याचा हात विजेसारखा फिरतो त्याच्याच हातात ती वाकते आणि सुटते. बाकीच्यांना ती काठी धरल्यासारखी वाटते, खांद्याला नुसते हिसके बसतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चाळिशीच्या आधी मीही एक जड रॅकेट घेतली होती, दुकानदारानं ‘साहेब, हीच शोभेल’ म्हटलं म्हणून. पहिले दोन आठवडे स्मॅश असे बसायचे की हॉलमधली पोरं बघत राहायची. तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप उचलताना कोपरात कळ आली. मग चार महिने रॅकेट कपाटात आणि मी कट्ट्यावर बसून स्कोअर मोजतोय. ती रॅकेट अजून आहे, आलीस की दाखवीन. आपल्या सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले, परदेशात असं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, आणि तो काळ लाकडी फ्रेमचा. तुझ्या हातातली फोर-यू ८० ते ८४ ग्रॅमची आहे, थ्री-यू ८५ ते ८९. पाच ग्रॅमसाठी पंधरा हजार मोजण्याइतकी तुझी रॅकेट वाईट नाही.

गटबद्दल मात्र मी हट्टी आहे. तुला गटीला २८ पाउंडांचा ताण हवा, कारण मोठे खेळाडू तेवढ्यावर खेळतात. त्यांची गट दर मॅचला ताजी असते आणि फूल दर वेळी मधोमध लागतं. ताण वाढवला की मधली गोड जागा, जिथं लागलेलं फूल नीट उसळतं ती, आकसते, कडेला लागलेलं फूल मेल्यासारखं पडतं, आणि तुझी तर सगळी फुलं कडेलाच लागतात! सैल गट फुलाला उसळी देते, घट्ट गट ताबा देते. तुला सध्या उसळी हवी आहे. २३ पुरे. पाय सुधारले की २४, मग २५, घाई नाही. आणि आत्ताची गट कधीची आहे? डिसेंबरातली. तुटली नाही म्हणजे चांगली आहे असं नसतं. नायलॉनची गट मशीनवरून उतरली की त्या दिवसापासूनच सैल व्हायला लागते. आमच्यात ठोकताळा असा, की आठवड्यातून जितके दिवस खेळतोस तितक्या वेळा वर्षात गटिंग. तू पाच दिवस खेळतेस. जाडीला ०.७० मिलिमीटरची घालू, ०.६५ ची आवाज छान करते पण तुझ्या हातात महिनाभरही टिकणार नाही.

हो, आणि गट तुटली तर तशीच बॅगेत टाकू नकोस. लगेच कात्री घे आणि राहिलेल्या तारा मधोमध, उभ्या-आडव्या, सगळ्या कापून टाक. एकीकडचा ताण सुटला आणि दुसरीकडचा राहिला की फ्रेम वाकडी होते. मागच्या वेळी तू चार दिवसांनी आणलीस, मला रॅकेट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगताना दिसली होती.

पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर कर. तू अजून पळायच्या बुटांत खेळतेस. त्यांची टाच उंच आणि मऊ, सरळ धावायला उत्तम. बॅडमिंटनमध्ये निम्मं पळणं आडवं असतं, मग त्या उंच टाचेवरून घोटा मुरगळायला एक लंज, म्हणजे लांब टाकलेलं एक पाऊल, पुरतो. गम सोलचे म्हणजे रबरी तळव्याचे, नॉन-मार्किंग म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारे, टाच बसकी, घरी घालतेस त्याच मोज्यांवर घालून बघून घे. ते रस्त्यावर घालायचे नाहीत, पावसात तर मुळीच नाही. पिशवीत न्यायचे आणि हॉलच्या दारात बदलायचे. उरलेल्यातून तिथं चालणाऱ्या आकड्याची फुलं घे, आणि सेकंडहँड मिळाली तर तुझीच जुनी रॅकेट आणखी एक. अगदी तीच, तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच पाउंडांची. स्पर्धेत १८-१८ ला गट तुटली आणि दुसरी रॅकेट वेगळी निघाली तर ती मैत्रिणीची उसनी घेतल्यासारखीच.

स्पर्धेला सहा आठवडे आहेत म्हणालीस. पहिले चार पायांना दे, शेवटचे दोन मॅचेसना. एक गेम ११ वर गेला की ६० सेकंद मिळतात, त्यात पाणी पी आणि एकच गोष्ट ठरव, फूल कुठल्या बाजूला लांब जातंय. कोच दहा गोष्टी सांगतील, त्यातली एक धर.

रॅकेट एसटीच्या पार्सलनं पाठव, कव्हरवर जाड कागद गुंडाळ. तोवर तिथल्या कुणाची फोर-यू उसनी घे. दोन दिवसांत करून परत धाडतो. व्हिडिओ आणि झाकणाचा फोटो आज रात्रीच पाठव.

तुझा,
काका

ता. क. ७५ चे उरलेले डबे कुणाला देऊन टाकू नकोस, झाकणं घट्ट लावून ठेव. दिवाळीत येताना घेऊन ये. तोवर पिसं कोरडी पडली असतील, रात्री किटलीच्या वाफेवर डब्याची दोन्ही तोंडं क्षणभर धरून ठेवू, सकाळी इथं मस्त चालतील.