टेलिफोनचा आरजे-११ आणि नेटवर्कचा आरजे-४५ या कनेक्टरांत फरक काय, आणि टेलिफोनची पिन (म्हणजे प्लग) नेटवर्कच्या सॉकेटमध्ये लावली तर चालते का?

एकात पिना कमी आणि दुसऱ्यात जास्त, हे उत्तर आपल्याला कोणीही देईल, पण ते अर्धेच आहे. आरजे-११, आरजे-१४ आणि आरजे-२५ या तिन्हींचा प्लास्टिकचा साचा एकच, सहा जागांचा; त्यांत अनुक्रमे एक, दोन आणि तीन लाइन जोडलेल्या असतात. अमेरिकेतील दूरसंचार नियमांतून १९७० च्या दशकात रूढ झालेली ही नावे आकाराची नसून जोडणीची आहेत. केबलमधील एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांची कोणती जोडी कोणत्या पिनांवर बसते हा खरा फरक आहे, आणि त्याच मुद्द्यावरून २००६ च्या मे महिन्यात माझे आणि माझ्या थोरल्या साडूंचे जे बिनसले ते अजून निवळलेले नाही.

धरमपेठेतील एका संस्थेत आम्ही दोघांनी मिळून २४ पॉइंटचे काम घेतले होते. साडूंचा हात टेलिफोनवर बसलेला, त्यामुळे सगळ्या सॉकेटमध्ये तारा त्यांनीच बसवल्या (पंच केल्या). टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागले आणि आम्ही बिल दिले. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली की जवळचे संगणक ठीक चालतात, परंतु सुमारे ६० मीटरवरील खोलीत नेटवर्क १०० एमबीपीएसच्या वेगावर टिकतच नाही, १० वर आणले तरच रडतखडत चालते. आम्ही नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी) बदलला, संगणकांतील नेटवर्क कार्डे बदलली, भर उन्हाळ्यात फॉल्स सीलिंगमध्ये शिरून कूलरच्या डक्टजवळची केबलसुद्धा तपासली. चौथ्या रात्री मी एक सॉकेट उघडला तेव्हा कळले: निळी जोडी ४-५ वर, नारिंगी ३-६ वर, हिरवी २-७ वर आणि तपकिरी १-८ वर.

टेलिफोनच्या दृष्टीने ही रचना अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण मधल्या जोडीपासून बाहेर सरकत गेल्याने कमी पिनांचा प्लग मोठ्या सॉकेटमध्ये लावला तरी पहिली लाइन मधोमधच सापडते. नेटवर्कला मात्र १-२ वर एकाच पिळाच्या दोन तारा लागतात, आणि आमच्याकडे तिथे एक तार तपकिरी जोडीतली तर दुसरी हिरवीतली होती. पीळ एकमेकांचा नसला की शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरतो, आणि लांबी वाढली की संदेश विस्कटतो. दिव्यांचा टेस्टर केवळ तार तुटली आहे की नाही एवढेच पाहतो. पीळ त्याला दिसत नाही. “दोन्ही टोकांना रंग सारखे लागले की काम झाले,” हे साडूंचे वाक्य मी आजही चुकीचेच मानतो. त्या ४८ टोकांची फेरजोडणी मी एकट्याने, पदरचे कनेक्टर घालून, टी-५६८-बी या नेटवर्कच्या प्रमाणित रंगक्रमाप्रमाणे केली. (टी-५६८-ए वापरले असते तरी चालले असते; दोन्हींत केवळ नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल आहे, निळी दोन्हींत मध्येच राहते.)

आता आपल्या टेलिफोनच्या पिनेबद्दल. ती आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसते आणि निळ्या जोडीवर लाइन मिळतेही, परंतु प्लगच्या कडा १ आणि ८ क्रमांकाच्या पिना दाबून वाकवू शकतात, म्हणून ही सवय लावून घेऊ नये. घंटी वाजताना लाइनवर ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो, तेव्हा चालू लाइन स्विचच्या पोर्टमध्ये कधीही घालू नये. आणखी एक: मूळ आरजे-४५ खाचेचा आणि वेगळ्या जोडणीचा होता, आज बाजारात त्या नावाने मिळतो तो साधा आठ पिनांचा कनेक्टर आहे.

आपल्या भिंतीतील सॉकेट उघडून पाहा. १ आणि २ वर एकाच जोडीचे दोन रंग नसतील तर काम करणाऱ्याला परत बोलवा, आणि तो टेस्टरचे दिवे दाखवू लागला तर वाद न घालता त्याला सर्वांत लांबच्या पॉइंटवरून एक मोठी फाइल पाठवून दाखवायला सांगा.