३५० स्मॉल-ब्लॉकला रस्त्यावर चालवायला कोणता कॅम घालावा?

२९२चा कॅम घेऊ नका, मित्र कितीही गळ घालू दे. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि २९२ हे त्याचं ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो तो जाहिरातीतला आकडा. तुमची गाडी १९७५ची कॅमॅरो, शेव्हरोलेचं ३५० घन इंचांचं इंजिन, कॉम्प्रेशन ९:१, मूळची लोखंडी हेड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला साधा टॉर्क कन्व्हर्टर आणि मागच्या एक्सलचा गिअर रेशो ३.०८. अशा गाडीत तो कॅम घातलात तर सिग्नल सुटल्यावर ती जागची हलायला कुरकुरेल.

एवढ्या लांब ड्युरेशनच्या कॅममध्ये पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण तो परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो आणि तुमचं ९:१ कागदावरच राहतं. ३,००० नंतर इंजिनात जीव येईल, पण ३.०८वर गावात तिथवर पोचताय कधी? वर ओव्हरलॅपमुळे, म्हणजे इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह काही वेळ एकदम उघडे राहिल्यामुळे, आयडलिंगचा व्हॅक्यूम पडतो, म्हणजे त्या व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेकचा बूस्टरही गेला. ब्रेकचं पेडल दगड.

निवडताना जाहिरातीतलं ड्युरेशन सोडा, ते प्रत्येक कंपनी वेगळ्या लिफ्टपासून मोजते. लिफ्टर (कॅमवर टेकून वर-खाली होणारा तुकडा) ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेला आकडा बघा. तुमच्यासाठी इनटेक २१४ ते २१८ अंश, एक्झॉस्ट २२४पर्यंत, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) ११० ते ११२. या हेडचे एक्झॉस्ट पोर्ट कमजोर असतात, म्हणून तिकडे थोडं जास्त. ती लंगडत गुरगुरणारी आयडलिंगच हवी असेल तर २२४/२३० घ्या, पण मग मागे ३.७३ आणि २,५००च्या आसपास स्टॉलचा (म्हणजे तेवढ्या आरपीएमपर्यंत इंजिनाला फिरू देणारा) कन्व्हर्टर यांचा खर्चही धरा.

लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, ०.४६० इंचाच्या आसपास ठेवा. त्यापुढे मूळ हेडमध्ये व्हॉल्व्हची स्प्रिंग धरणारा रिटेनर खाली येऊन गाइडच्या सीलवर आपटतो. पूर्ण लिफ्टला दोघांत निदान ०.०५० इंच फट राहते का, ते मोजूनच हेड बसवा. स्प्रिंगा कॅमसोबत सांगितलेल्याच घ्या.

हे फ्लॅट टॅपेट कॅम, म्हणजे लिफ्टरचा तळ थेट लोबवर घासत चालणारे, वाया जातात ते बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. त्यांत लिफ्टरचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो, म्हणून लिफ्टर फिरत राहतो. फिरायचा थांबला की लोब खाल्ला. म्हणून नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीच नको. लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉली पेस्ट, ऑइल १,२०० पीपीएमच्या आसपास झिंक असलेलं. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, सगळ्या रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत. टायमिंग आधीच जुळवा, कार्ब्युरेटर भरून ठेवा, नुसता स्टार्टर मारत बसू नका. इंजिन पकडलं की लगेच २,०००वर न्या आणि २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५००मध्ये कमी-जास्त करत ठेवा. आयडलला सोडायचं नाही, कारण लोबवर ऑइल पडतं ते क्रँकने उडवलेलं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. कुठे गळती दिसली तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा, परत थेट २,०००.

मग ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून बघा. थोडी करडी पूड चालते. पण चकाकणारे कण दिसले आणि एखादा रॉकर बाकीच्यांपेक्षा कमी उचलत असेल, तर तो लोब गेला. कण सगळीकडे पोचलेले असतात, तेव्हा नुसता कॅम बदलून भागत नाही, इंजिन पूर्ण उघडून धुवावं लागतं.

रोलर कॅममध्ये लिफ्टरला चाक असतं, म्हणून ही कटकट नाही. पण फॅक्टरीतून रोलर १९८७पासून आले, तुमच्या ब्लॉकला दोन-दोन लिफ्टर एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीचे महाग लिफ्टर लागतील. आणि कॅम स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्याला चालणारा आहे ना, ते घेतानाच विचारा.