“नमाज झाली का?”

“मक्तबला (कुराण शिकवणाऱ्या शाळेत) जातो, कुराण वाचतो, तरी धडधडीत खोटं बोलतो. मग शिकून उपयोग काय?” जळगावच्या रावेर-यावल भागातल्या तडवी (मुस्लिम भिल्ल) घरांतून सल्ल्यासाठी हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. (हिंदू घरांतूनही येतो, तिथे शुभंकरोती असते, एवढाच फरक.)

त्यातलेच हे एक वडील. केळीच्या गाड्या भरणारे, पोरगा अकराचा. रोज रात्री एकच विचारणा: नमाज झाली का? तो “हो” म्हणायचा. एक दिवस शेजाऱ्याकडून खरं कळलं आणि पोराला पट्ट्याने मार बसला.

पोरगा एकटा असताना मला म्हणाला, “नाही म्हटलं तर मारतात. हो म्हटलं तर जेवायला बसतात.”

अरब इतिहासकार इब्न खल्दूनने 1377 साली हेच लिहून ठेवलंय. धाकात वाढलेलं मूल मार चुकवायला मनात एक, ओठांवर एक ठेवतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो.

वडिलांना हे सांगितलं तर ते उसळले. “मॅडम, हदीस आहे, पैगंबरांचं वचन. दहाचा झाला की मारायची मुभा आहे.”

मी वाद घातला नाही. “त्याच हदीसमध्ये आधी काय आहे?”

“सातचा झाला की नमाज सांगा.”

“मग मधली तीन वर्षं तो तुमच्या शेजारी कितीदा उभा राहिला?”

बराच वेळ फक्त पंखा फिरत होता. मग ते हळूच म्हणाले, “पहाटे निघतो मी. आलो की तो झोपेला आलेला.”

ही ‘मधली तीन वर्षं’ आपल्याला सुचली म्हणून मी त्या दिवशी जरा खूश होते. पुढे एका मौलानांना सांगितलं तर ते हसले, “आम्ही जुम्म्याला हेच सांगतो. ऐकतो कोण?”

अशा आईबापांना मी सांगते, हजेरी घेऊ नका. “झाली का?” ऐवजी “चल, वजू करू” (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं) म्हणा. दिवसातली एक तरी नमाज, रात्रीची इशा म्हणा, सोबत होऊ द्या. चूक स्वतःहून कबूल केली तर त्या दिवशी शिक्षा नाही. मूल पहिल्यांदा चुकून ते लपवत असेल तर काणाडोळा करा. पुन्हा घडलं तर एकांतात बोला, चारचौघांत नाही. काणाडोळा आणि एकांत हे माझ्या पदरचं नाही, जुने इस्लामी विचारवंत इमाम गझालींचं आहे. अखलाक (चांगल्या सवयी, वळण) पाठ करून येत नाहीत, सोबतीने मुरतात.

चौथ्या भेटीला वडील एकटेच आले.

“काल पोरगा म्हणे, अब्बा, माझी असरची नमाज चुकली. मी म्हटलं, माझीबी चुकली, गाडी भरू राहिलो होतो. मग दोघांनी बसून वजू केला, कजा (राहिलेली नमाज) पढली.”