मार्ट लार यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एस्टोनियाचे माजी पंतप्रधान मार्ट लार यांच्यावरील तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. श्रम भरपूर आहेत, पण सगळी मांडणी त्यांच्या आर्थिक सुधारणांच्या कौतुकाभोवती फिरते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर १९९२मध्ये हा इतिहासकार ३२व्या वर्षी पंतप्रधान झाला, तेव्हा सर्वांत अवघड पाऊल आधीच पडलेले होते. २० जून १९९२ रोजी, टीट वॅही यांच्या सरकारच्या काळात, क्रून हे देशाचे स्वतःचे चलन सुरू झाले. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रुबल दहास एक या दराने बदलून मिळाले, म्हणजे हाती फक्त १५० क्रून आले. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख सीम काल्लास होते आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क हा दर कायद्याने बांधलेला होता. तिजोरीत परकीय चलन वा सोने असेल तेवढेच क्रून छापता येत, त्यामुळे सरकारला नोटा छापून तूट भरण्याची वाट उरली नव्हती. ही बेडी लार यांनी घडवली नाही, पण ती झुगारून देण्याचा मोह त्यांनी टाळला, जकाती उठवल्या आणि १ जानेवारी १९९४पासून सर्वांना २६ टक्क्यांचा एकच प्राप्तिकर लावला. त्यांच्या श्रेयाची नेमकी हद्द तुला इथे आखता येईल.

या धोरणाची किंमत कोणी मोजली, यावर तुझ्या आराखड्यात एकच परिच्छेद आहे आणि तो मला फार अपुरा वाटतो. निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, मोडीत निघालेली सामूहिक शेते, शिवाय नार्वा आणि सिल्लामाए ही रशियन भाषिक शहरे, ज्यांनी जुलै १९९३मध्ये स्वायत्ततेसाठी सार्वमत घेतले आणि ज्यांचे सार्वमत न्यायालयाने अवैध ठरवले, या सर्वांना स्वतंत्र प्रकरण हवे.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी रशियन सैन्य देशातून परत गेले. एखाद्या पंतप्रधानाला याहून मोठे यश कोणते असेल? त्यानंतर २६ दिवसांतच संसदेने, म्हणजे रीगिकोगुने, लार यांच्यावर अविश्वास दाखवला. चलनबदलात गोळा झालेले दोन अब्जांहून अधिक जुने रुबल गुप्तपणे चेचन्याला विकले गेल्याचे उघड झाले होते. दोनच दिवसांनी ‘एस्टोनिया’ ही प्रवासी बोट बाल्टिक समुद्रात बुडून ८५२ माणसे गेली आणि त्या शोकाच्या दिवसांत देशाचा कारभार विश्वास गमावलेल्या सरकारकडेच होता.

१९९९ ते २००२ या दुसऱ्या कार्यकाळाचे तुझे प्रकरण बरे जमले आहे. त्यांच्यानंतर काल्लास पंतप्रधान झाले, एवढे त्यात घाल. मात्र प्रबंधाचा आरंभ सप्टेंबर १९९४पासून कर, आणि त्या महिन्यातील संसदेचे कामकाज मूळ एस्टोनियनमधून वाचता यावे म्हणून भाषेचा अभ्यास आजच सुरू कर.

तुझा शुभचिंतक