जुने पशुवैद्यकीय प्रबंध स्कॅन करताय? तपासणी शेवटच्या पानापासून करा

पोत्यात बांधलेले एम.व्ही.एस्सी.चे (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे) प्रबंध, त्यांना लागलेली कसर आणि शेजारच्या दोन महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना सोबत घेऊन स्कॅनिंग करायचा तुमचा बेत वाचला. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो.

स्कॅनर, ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) वगैरे इतर सदस्य सांगतीलच. मी फक्त आमची माती कशी झाली ते सांगतो. आम्ही तीन ग्रंथालयांनी याद्या जुळवल्या, दुबार प्रती वगळल्या आणि काम ठेक्याने दिलं. स्वस्त पडतं म्हणून सगळं काळं-पांढरं. बिल पास करताना प्रत्येक प्रबंधाची पहिली वीस पानं पाहिली, अक्षर सुरेख आलं होतं. पण ऊतींच्या स्लाइडचे चिकटवलेले फोटो असतात शेवटी! ते सगळे नुसते काळे डाग. उभी नोकरी प्रबंध हाताळण्यात गेली आणि मला हे सुचू नये?

तोवर वरच्या एका कार्यालयाचं पत्र आलं: डिजिटल प्रत झाली, आता मूळ प्रतींचं निर्लेखन करून (म्हणजे नोंदीतून कमी करून) जागा मोकळी करा. तिथल्या कुणी प्रबंध उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. पण सही माझीच आहे. रद्दीत बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगावरचे दोन प्रबंध गेले. 2011 साली तो रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. आता ते फोटो नव्याने कोण काढणार?

तेव्हा फोटोंची पानं रंगीतच घ्या, किमान 400 डीपीआय (इंचाला इतके ठिपके), मूळ फाइल टिफ या प्रकारात, म्हणजे चित्राचा तपशील जात नाही. आणि तिन्ही ग्रंथालयांच्या लेखी संमतीशिवाय एकही मूळ प्रत निर्लेखित होणार नाही, हे सामंजस्य करारातच घाला. नंतर कोणी ऐकत नाही.

2000 साली माफसू (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) स्थापन होण्याआधी आपली पशुवैद्यकीय महाविद्यालयं कृषी विद्यापीठांत होती: मुंबईचं दापोलीकडे, नागपूरचं अकोल्याकडे. त्यामुळे जुनी प्रत तिकडेही असू शकते. आमच्या रद्दीत गेलेल्या दोन प्रबंधांपैकी एकाची प्रत तशीच मिळाली. दुसऱ्याची नाही. कृषिकोश हा कृषी नि पशुवैद्यकीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रहही आधी चाळा, उगाच दुबार काम नको. नोंदीत घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही रोगांची मराठी नावंही द्या. तालुक्याचा डॉक्टर तीच टाइप करतो.

कॉपीराइटचं म्हणाल तर मी वकील नाही. आम्ही लेखकांना फोन करून लेखी परवानगी घेतली, बहुतेकांना आनंदच झाला.

आणि हो, निखळलेल्या फोटोंना सेलोटेप लावू नका, पिवळी पडते. मागे पेन्सिलीने प्रबंध क्रमांक नि पान लिहून पाकिटात ठेवा.